गाळलेलं वाक्य

४ मार्च, मंगळवार

भिंगरी आज सकाळी बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि माझा चहा गार झाला.

वही नवी आहे, म्हणून आधी माणसांची ओळख लिहून ठेवते. उद्या मीच विसरायला लागले तर उपयोगी पडेल. भिंगरी म्हणजे माझ्या भाच्याची मुलगी. आई लवकर गेली, त्यामुळे अर्धी माझ्याकडेच वाढली. पंचविशी उलटली तरी एका जागी ठरत नाही, म्हणून भिंगरी. भाचा मोटार शिकवण्याची शाळा चालवतो. आणि या घरात माझ्याखेरीज आहे ती चष्मेवाली. तिचं चष्म्याचं दुकान होतं, गुडघे बोलायला लागले तेव्हा बंद केलं. ती माझ्याकडे राहते. कोणी विचारलं तर मी 'आमच्या बिऱ्हाडकरू' म्हणते. ऐकणाऱ्याचं समाधान होतं आणि मला पुढचं वाक्य बोलावं लागत नाही.

तर भिंगरीनं काल जेवताना बापाला सांगितलं, की आपल्याला मुलगे नाही, मुली आवडतात. केस कापण्याच्या दुकानातली ती मुलगी नुसती मैत्रीण नाही. आणि स्थळं आणणं बंद करा. बापानं ताट सरकवलं. हिनं बॅग भरली.

"असं ताटावर बसून सांगतात?" मी म्हटलं. "आणि सांगायचं अडलं होतं कुणाचं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"झाकून झाकून बोटं आखडली, आत्याआजी," ती म्हणाली.

चष्मेवाली हसली. मला तिचाच जास्त राग आला. या मुलींना प्रत्येक गोष्टीची दवंडी पिटायची असते. आमच्या वेळी माणसं घरात राहायची, फोनमधल्या भिंतीवर नाही. आणि शेवटी निवडून निवडून काय, तर केस कापणारी! एखादी शिकलेली तरी शोधायची.

भिंगरीला चष्मेवालीच्या खोलीत झोपायला सांगितलं. थोड्या वेळानं आतून विचारते, "आजी, या गादीवर अजून दुकानातलं प्लास्टिक आहे?"

गादी टिकावी म्हणून ठेवलंय, मी सांगितलं. त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

६ मार्च, गुरुवार

खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून चष्मेवालीशी वाजलं. रोज वाजतं. तिला वारा लागतो, मला वाऱ्यानं मान धरते. भिंगरी समोर बसून सिनेमा बघावा तशी बघत होती.

"तुला हसायला काय झालं?" मी विचारलं.

"हेच बघायला आले मी," ती म्हणाली. "बाहेर कुठे जायची सोय नव्हती असं नाही. तिच्याकडे जाता आलं असतं."

मग तिनं जे सांगितलं ते लिहून ठेवते, कारण ते ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. ती म्हणाली, तिला अशा बायका माहीत आहेत, पण सगळ्या फोटोतल्या. कोणी खेळाडू, कोणी गाणारी, कोणी झेंडा घेतलेली. सगळ्या सुंदर, सगळ्या लांबच्या. त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवता येतात. पण साठीनंतर आपलं काय होतं, ते त्यांच्याकडे बघून कळत नाही. "मला सांधे दुखणारी बाई बघायची होती. खिडकीवरून भांडणारी. आपल्यासारख्या बायका म्हाताऱ्या झाल्यावर कशा दिसतात ते."

आपल्यासारख्या!

"आपल्या म्हणजे कोणाच्या?" मी विचारलं. "तुझ्या आणि तुझ्या मैत्रिणीच्या असेल, तर 'आमच्या' म्हणतात. शाळेत व्याकरण शिकवलं नाही का? ऐकणाऱ्याला धरून बोलायचं असेल तरच 'आपल्या'."

"व्याकरण येतं मला," भिंगरी म्हणाली.

मी भाजी निवडायला घेतली आणि चांगली पानं टाकून देठं ठेवली. चष्मेवालीनं न बोलता टोपली माझ्यापुढून उचलली.

कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर म्हणायच्या, मुलींनो, मैदानात फिरताना तिघी फिरा, दोघी नको. का ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. ती शिस्त होती. आता शिस्तीचं नाव काढलं की माणूस जुनाट.

८ मार्च, शनिवार

दुपारी भाचा आला. भिंगरीनं खोलीला आतून कडी घातली. भाचा म्हणाला, "बंद दाराशी बोलायला मी काय पोस्टमन आहे?" आणि बाल्कनीत जाऊन बसला. मधल्या खोलीत चष्मेवाली टेबलाशी कुणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू आवळत होती. राहिले मी. इकडून 'सांग तिला', तिकडून 'सांग त्यांना'.

जन्मभर कोर्टात दुभाषी म्हणून नोकरी केली. त्या कामाचा नियम असा, की साक्षीदार 'मी' म्हणाला की दुभाष्यानंही 'मी'च म्हणायचं. 'तो म्हणतो की' नाही. त्यामुळे माझ्या तोंडून काय काय कबूल झालंय! एका खटल्यात मी सासूला जिन्यावरून ढकललं, दुसऱ्यात मीच ती सासू होते. आणि दुसरा नियम, पदरचं घालायचं नाही आणि आलेलं गाळायचं नाही.

आज तेच सवयीनं सुरू झालं. दाराशी ऐकायचं, मधली खोली ओलांडायची, बाल्कनीत 'मी' करून सांगायचं. भाच्याला 'बाबा' म्हणताना गंमतही वाटत होती, खोटं कशाला लिहू.

"मला लग्न करायचं नाही, बाबा. कितीही स्थळं आणलीत तरी."

"मी तुझा बाप आहे, वैरी नाही," मी दाराला सांगितलं.

"मला ती आवडते, बाबा. मला तिच्यासोबत राहायचंय." हे म्हणताना माझा आवाज चिरकला. वयामुळे होतं.

भाचा रेलिंगला धरून खाली रस्त्याकडे बघत होता. मग म्हणाला, "तिला म्हणावं, आज ठीक आहे, आज तरुण आहेस. पुढे काय? अशी एक बाई दाखव म्हणावं. एक. जी अशी राहिली आणि उतारवयात सुखात आहे. मी उद्या स्थळं बंद करतो."

मी दाराशी आले, सांगितलं. आत आधी भिंगरी हसली. मग दार बोटभर उघडलं. तिचे डोळे सुजले होते, पण चेहरा पेपरात येत असलेला प्रश्न आल्यासारखा होता. "त्यांना सांग, मधल्या खोलीत बघा. तू आहेस, चष्मेवाली आजी आहे. एक मागितली, दोन आहेत. बस, एवढंच सांग. मला दुसरं काही सांगायचं नाही."

दार ते बाल्कनी, अंतर ते काय. चष्मेवालीनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला होता आणि माझ्याकडे बघत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्या पुढून गेले.

बाल्कनीत मी रस्त्याकडे तोंड करून म्हटलं, "मला अशी एकही बाई माहीत नाही."

भाच्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

त्याचे डोळे का भरले ते कळलं नाही. जिंकल्याचा आनंद असेल. हळू आवाजात म्हणाला, "मग कशाच्या भरवशावर उडी मारायची, विचार तिला."

मी दाराशी जाऊन ते तसंच सांगितलं.

"असं म्हणाले?" भिंगरीनं विचारलं. "तुम्हा दोघींचं सांगितल्यावर?"

मी "हो" म्हटलं.

कडी निघाली. ती बॅग घेऊन बाहेर आली, चष्मेवालीच्या पाया पडल्यासारखी वाकली आणि बापाच्या मागोमाग जिना उतरली.

मी मधल्या खोलीत आले तेव्हा स्क्रू जमिनीवर पडला होता. मी तो शोधायला खाली वाकले. चष्मेवाली म्हणाली, "राहू दे."

९ मार्च, रविवार

सकाळी फाडल्याचा मोठा आवाज आला. चष्मेवाली तिच्या खोलीत गादीवरचं प्लास्टिक ओढून काढत होती. मग माझ्या खोलीतली तिची उशी, शाल, डोळ्यांचे थेंब, वाचायचा आणि लांबचा असे दोन्ही चष्मे तिकडे गेले.

"हे काय?" मी म्हटलं.

"तू सगळ्यांना सांगतेस ते," ती म्हणाली, "आता खरं आहे."

१३ मार्च, गुरुवार

ती माझ्याशी 'अहो-जाहो' करते. "आपला चहा ठेवलाय." "आपण खिडकी लावून घ्या, मला चालेल." बिऱ्हाडकरूनं मालकिणीशी बोलावं तशी, अदबीनं. तीस-बत्तीस वर्षांत इतकी सभ्य कधी वागली नव्हती. मी म्हटलं, पोरकटपणा पुरे. ती म्हणाली, "आपण म्हणाल तसं."

खिडकी बंद आहे. मान दुखायची ती दुखतेच.

मी केलं ते बरोबरच केलं. त्या क्षणी भाच्यासमोर, रस्त्यावर माणसं जाताना, असलं काही बोलायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. चारचौघांत मला मान आहे. नात्यातली माणसं वाद मिटवायला मला बोलावतात. एका वाक्यानं ते सगळं घालवायचं?

हे लिहून परत वाचलं. कोर्टात उलटतपासणीत असं बोलणाऱ्या बायका मी पुष्कळ ऐकल्या आहेत. त्यांचे शब्द मीच बोलायचे आणि मनात म्हणायचे, ही खोटं बोलतेय.

१९ मार्च, बुधवार

भाच्याचा फोन. भिंगरी तयार झाली. मुलगा औषधांच्या कारखान्यात तपासनीस आहे, निर्व्यसनी. घरचे रविवारी येणार. "तू हवीस, आत्या. तुझ्या शब्दाला वजन आहे." आवाजात म्हणावा तसा आनंद नव्हता.

मग भिंगरीनं फोन घेतला. तिला समजवायला लागेल असं वाटलं होतं. तर तीच मला समजवत होती. "आत्याआजी, तू मनाला लावून घेऊ नकोस. तुमच्यात काही कमी आहे असं नाही. बाबांना दिसलं नाही, त्याला कोण काय करणार. मी विचार केला, तुम्हा दोघींकडे बघूनही ज्यांना काही दिसत नाही, त्यांना मी काय दाखवू? माझ्यात तेवढी ताकद नाही."

"आणि ती? केस कापणारी?"

"तिनं दुकान बदललं," भिंगरी म्हणाली.

तेव्हा सांगायला हवं होतं. फोन कानाला होता, शब्द तोंडात होता. मी म्हटलं, "साडी कुठली नेसणार आहेस?"

फोन ठेवला तर चष्मेवाली दारात. तिनं ऐकलं होतं. काही बोलली नाही, अदबीनंसुद्धा नाही. त्या न बोलण्याची इतकी लाज वाटली, की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. रडायला नाही. तोंड कुठे ठेवावं म्हणून.

२१ मार्च, शुक्रवार

भाच्याच्या शाळेत गेले. ऑफिस म्हणजे एक टेबल, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि बाहेर शिकाऊ मोटार. आत दोन माणसं परवान्याचे कागद भरत होती, म्हणून तो म्हणाला गाडीत बसू. तो सवयीनं शिकवणाऱ्याच्या जागी बसला, म्हणजे मला स्टिअरिंगमागे बसावं लागलं. त्याच्या पायाखाली ब्रेक, माझ्या हातात चाक, गाडी बंद. दोघंही समोरच्या काचेतून भिंत बघत होतो.

कोर्टात दुभाष्याच्या हातून चूक झाली, तर उभं राहून सांगायची एक रीत असते. मला दुसरी कुठली येत नाही. म्हटलं, "दुभाष्याला नोंद दुरुस्त करायची आहे."

"कोण दुभाषी?" भाचा म्हणाला.

"मी. त्या दिवशी भिंगरीनं उत्तर दिलं होतं. ती म्हणाली होती, मधल्या खोलीत बघा. आत्याआजी आहे, चष्मेवाली आजी आहे. ते मी गाळलं. वर पदरचं घातलं."

मला वाटलं त्याला कळलंच नाही. म्हणून मी आणखी सोपं करून सांगायला लागले, तर म्हणाला, "आत्या, मला माहीत नाही का? शाळेत होतो तेव्हापासून तुमच्याकडे येतोय. कोणाला माहीत नाही?"

"मग 'एक बाई दाखव' म्हणून कशाला म्हणालास?"

"मला वाटलं ती तुझं नाव घेईल. मग तू काहीतरी बोलशील. इतकी वर्षं वाट बघितली, तू एकदा तरी काही बोलशील." त्याचा पाय ब्रेकवर दाबलेला होता. "तू आलीस आणि म्हणालीस, मला अशी एकही बाई माहीत नाही. सुखात असलेली."

"ते मी तिच्या वतीनं म्हटलं होतं! खोटं होतं, पण तिच्या वतीनं. कामाचा नियम असतो तो!"

"मला काय माहीत तुझे कोर्टाचे नियम? आधीच्या वाक्यांत 'बाबा, बाबा' म्हणत होतीस, ते कळत होतं तिचं आहे. हे म्हणताना 'बाबा' नव्हतं. माझ्याकडे बघतही नव्हतीस. मला वाटलं, हे तुझं आहे. मी 'नक्की?' विचारलं. तू 'नक्की' म्हणालीस." त्यानं नाक पुसलं. "मी घरी गेलो आणि रडलो. म्हटलं, जन्म काढून आत्याच म्हणते यात सुख नाही, तर मी पोरीला त्यात कशाला ढकलू? तसं तर आधीपासूनच वाटायचं. चांगली गोष्ट कोण लपवतं?"

मी भिंतीकडे बघत होते. दुभाषी म्हणून मी माणसांच्या चुका माणसांना पोचवल्या. अशी चूक एकाही साक्षीदाराच्या हातून झालेली ऐकली नाही. मला वाटत होतं, मी लपवते म्हणजे मी कोणाचं काही बिघडवत नाही.

"गाढवा," मी म्हटलं, "मी सुखात आहे. म्हणजे होते. गेल्या पंधरवड्यापर्यंत."

"पंधरवड्यात काय झालं?"

"ती माझ्याशी बोलत नाही. बाल्कनीतलं तिनं ऐकलं."

भाचा माझ्याकडे वळला. पहिल्यांदा. "चष्मेवाली काकू बोलत नाही? तुझ्याशी?" आणि त्याही अवस्थेत त्याला हसू आलं. "मग घरात बोलतं कोण?"

शेवटी म्हणाला, त्याला अजून सगळं पटलेलं नाही, भीती वाटते, लोक आहेत, पण रविवारचं तो रद्द करतो. आणि भिंगरीला काय झालं ते मी सांगायचं. मी म्हटलं, तूच सांग, तू बाप आहेस. तो म्हणाला, "नाही आत्या. गाळलं तू. तू सांग."

गाडीतून उतरताना माझा हात चुकून हॉर्नवर पडला. परवान्यासाठी आलेली माणसं दारात येऊन बघायला लागली. बघू देत म्हटलं, पण म्हणताना मान खालीच होती.

२३ मार्च, रविवार

मुलाकडचे आले नाहीत. भिंगरी आली. तिला काल फोनवर सगळं सांगितलं होतं. तिनं मधेच फोन ठेवला होता.

बूट न काढता बसली. "इतके दिवस मला वाटत होतं, बाबांनी तुमच्याकडे बघितलं आणि त्यांना काही दिसलं नाही."

"हो."

"मी त्या माणसाला होकार दिला असता, आजी. जन्मभर त्याच्याकडे बघत बसले असते आणि त्याला बिचाऱ्याला कळलंही नसतं, काय झालंय."

"हो."

"नुसतं हो हो काय? कोर्टात एवढी बोलायचीस."

"माझं चुकलं," मी म्हटलं. हे वाक्य दोन भाषांत असंख्य वेळा बोलले आहे, परक्यांच्या वतीनं. आपलं म्हणून निघालं तेव्हा फार तोकडं वाटलं. आणखी काही जोडावं तर पदरचं घातल्यासारखं होईल, म्हणून गप्प राहिले.

तिनं बूट काढले. माफ केलं असं काही म्हणाली नाही. केस कापणारीचं विचारलं, तर म्हणाली, ती नवीन दुकानात आहे, भेटायला तयार झाली आहे, बघू. बाबा फार बोलत नाहीत. पण काल म्हणाले, ते दुकान कुठंसं आहे, माझेही केस वाढलेत.

मग चष्मेवालीच्या खोलीकडे बघून हळूच विचारलं, "अजून तिकडेच?"

"अजून."

"आजी, तुमचं भांडण झालं की तू कोणाला सांगतेस?"

"म्हणजे?"

"बाबा आईची तक्रार तुझ्याकडे करायचे. माझ्या कामावरच्या सगळ्याजणी नवऱ्यांच्या करतात. तू चष्मेवाली आजीची तक्रार कोणाकडे करतेस?"

बिऱ्हाडकरूची तक्रार करता येते, पण ती वेगळी. लग्नाकार्यात बायका एकमेकींच्या मांडीवर हात मारून नवऱ्यांची उणीदुणी काढायच्या, तेव्हा मी पाणी आणायला उठायची. एवढ्या वर्षांत एका माणसाला मी म्हणू शकले नव्हते, की ही बाई मला वैताग आणते. म्हणजे ती माझी आहे, हेही कोणाला म्हटलं नव्हतं.

"कोणाकडेच नाही," मी म्हटलं.

"मग माझ्याकडे कर," भिंगरी म्हणाली. "मी रागावलेलीच आहे. पण कर. मला ऐकायचंय."

मग एक तक्रार आली आणि तिच्यामागे रांग लागली. ती चष्मे पुसायला माझ्या चांगल्या साड्यांचे पदर घेते. पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचते आणि सांगून टाकते. डॉक्टरसमोर माझी दुखणी माझ्याआधी सांगते, तीही चुकीची. आजारी पडली की राणी, आणि मी आजारी पडले की मला म्हणते, तुला काही झालेलं नाही. चहात साखर स्वतः दोन चमचे घालते आणि माझी मोजते.

"खोटं!" आतून आवाज आला. "मधुमेह कोणाला आहे ते सांग आधी तिला!"

भिंगरीनं तोंडावर हात ठेवला. मी दाराकडे न बघता, आवाज चढवून म्हटलं, "आणि चोरून ऐकते."

खोलीचं दार उघडलं. चष्मेवाली बाहेर आली, नाकावर वाचायचा चष्मा, डोक्यावर लांबचा. माझ्याकडे बघितलं नाही. भिंगरीला म्हणाली, "माझ्याही आहेत," आणि खुर्ची ओढून बसली.

मी ऐकत राहिले. बऱ्याचशा खऱ्या होत्या.